नागपुरात बसून हिमालयाचं जाकीट कसं घ्यावं

मे महिन्यात बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, गरम जाकीट मागून पाहा. मी मागितलं होतं. दुकानदारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या उन्हाकडे, आणि विचारलं, "काहून भाऊ, तब्येत बरी हाय ना?" जूनमध्ये पहाडात जायचंय म्हटल्यावर त्यानं पोऱ्याला माळ्यावर चढवलं. करकचून बांधलेल्या गठ्ठ्यातून जे जाकीट निघालं ते पापडासारखं चपटं होतं, आणि चार वेळा झटकूनही पापडच राहिलं.

ते घेतलं नाही, हे बरं झालं. जाकिटात स्वतःची ऊब काही नसते. त्याच्या भरणीत हवा अडकून राहते आणि त्या हवेमुळे आपल्या अंगाची ऊब बाहेर पडत नाही, एवढंच त्याचं काम. फुगवटा मेला की हवा गेली. मग उरतं नुसतं कापड. स्वस्त जाकीट शोधताना पैसे या फुगवट्याचे द्यायचे, चमकदार कापडाचे नाहीत.

पण आधी थंडी किती, याचा हिशेब करा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर. वर चढताना दर हजार मीटरला पारा सरासरी साडेसहा अंशांनी उतरतो. उत्तराखंडातल्या केदारकांठ्याचं शिखर 3,800 मीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या उंचीनंच 22-23 अंशांचा फरक, शिवाय ते आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला. इथे डिसेंबरात पारा 10-12 वर आला की चौकाचौकात शेकोट्या पेटतात. तिथे तेव्हा रात्री शून्याखाली 10 धरून चालायचं. दार्जिलिंगकडचं सांदकफू 3,636 मीटर, एव्हरेस्ट बेस कॅम्प 5,364. याउलट पचमढीचं धूपगड साधारण 1,350 मीटर आणि चिखलदरा त्याहूनही खाली. तिथल्यासाठी घरचा स्वेटर आणि वारा अडवणारं पातळ जाकीट पुरतं. उगाच खर्चात पडू नका.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. माझं पहिलं जाकीट फुटपाथवरचं, 1,200 रुपयांचं. बाहेरून रेक्झिन, आतून झगझगीत अस्तर. वजन सव्वा किलोच्या वर. सॅकची अर्धी जागा त्यानंच खाल्ली, म्हणून अंगात घालूनच चढलो. अर्ध्या तासात बनियन पिळण्यासारखं झालं, आणि कॅम्पवर पोचल्यावर तोच घाम अंगावर गार पडला. रात्रभर दात वाजले. पाठीवर ओझं घेऊन चढताना माणूस स्वतःच शेगडी असतो. तेव्हा अंगात पॉलिएस्टरचा टीशर्ट आणि फार तर पातळ फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार पॉलिएस्टरचा स्वेटर, पुरतो (सुती टीशर्ट आणि सुती हुडी घरीच ठेवा). जाड जाकीट थांबल्यावर घालायचं: कॅम्पवर, चहाला, पहाटे शिखरावर फोटो काढताना. थांबलात की दोन मिनिटांत चढवा, निघालात की काढून सॅकमध्ये टाका. म्हणजे ते हलकं हवं आणि दाबून लहान होणारं हवं. 350 ते 500 ग्रॅममध्ये चांगलं जाकीट मिळतं. 700 ग्रॅमच्या पुढे गेलं तर मी खाली ठेवतो, कितीही स्वस्त असो.

आता भरण. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या अंगावरची, बाहेरच्या पिसांखाली असते ती मऊ लव. वजनाच्या मानानं इतकी ऊब दुसरं काही देत नाही. लेबलवर 80/20 लिहिलेलं असतं: 80 टक्के लव, 20 टक्के साधी पिसं. फिल पॉवर म्हणून 600, 700, 800 असा आकडा असतो. एक औंस भरण किती घनइंच फुगते, ते हे माप. दुकानदार हा आकडा अभिमानानं दाखवतो, पण आत एकूण किती ग्रॅम भरलंय ते विचारलं की गप्प होतो. 800 ची 60 ग्रॅम भरण असलेल्या जाकिटापेक्षा 600 ची 150 ग्रॅम असलेलं जास्त गरम. डाऊनची खोड एकच, भिजलं की त्याचा गोळा होतो आणि ऊब संपते. सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांची, भरण थोडी जड, दाबली तरी जास्त जागा घेणारी, पण ओलसर झाली तरी काही ऊब धरते, घरी धुता येते आणि स्वस्त पडते. पहिल्या-दुसऱ्या ट्रेकला, 3 ते 4 हजारांच्या बजेटात, मी डोळे मिटून सिंथेटिक घ्या म्हणेन. 1,500 रुपयांना 'ओरिजिनल डाऊन' कुणी देत असेल तर आत काय आहे ते देवालाच ठाऊक. (आमच्या आईला बदकाची पिसं म्हटल्यावर माझं डाऊनचं जाकीट देवघराच्या बाजूला टांगायला बंदी झाली, तोही विचार करा.)

दुकानात जाताना फ्लीस बरोबर न्या आणि तो घालूनच जाकीट चढवून बघा. हात वर करा: कंबर उघडी पडली तर एक माप मोठं घ्या. पण फार ढगळही नको, मोकळ्या जागेत गार हवा फिरते. वर तुमचा रेनकोट बसतो का तेही पाहा; बर्फ भुरभुरायला लागला की तोच वरून चढवायचा असतो. मग जाकिटाची बाही मुठीत गच्च दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. लगेच फुलली पाहिजे. जाकीट ट्यूबलाइटसमोर धरा: शिवणीजवळ प्रकाश जास्त दिसणारच, पण कप्प्याच्या मधोमध रिकामा डाग दिसला तर तिथून थंडी शिरणार. कापडाला तोंड लावून जोरात फुंका. दुसऱ्या बाजूला तळहातावर वारा लागला तर पहाटेचा वाराही लागेल. डाऊन असेल तर चिमटीत चोळा: काड्या टोचल्या तर पिसं जास्त, लव कमी. वासही घ्या, नीट न धुतलेल्या पिसांना ओल्या कोंबडीसारखा वास येतो. चेनमागे कापडाची पट्टी, खाली ओढायची दोरी आणि टोपी हवीच. चेन हातमोजे घालून ओढून बघा. शेवटी वजन. दुकानात काटा नसेल तर शेजारच्या किराणावाल्याला विनंती करा, तो हसतो पण करून देतो.

कुठे घ्यायचं? मोठ्या स्पोर्ट्स दुकानात जाकिटाबरोबर किती अंशांपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. तो आकडा हालचाल करणाऱ्या माणसाचा असू शकतो, हे धरून चला. हिवाळ्यात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार भरतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ प्रतापगडला त्यांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. बाजारातला बराच माल लुधियानाचा. तिथे फ्लीस, लोकरी टोपी, मोजे घ्या, भाव करा. ट्रेकचं जाकीट मात्र वरच्या सगळ्या परीक्षा घेतल्याशिवाय उचलू नका. छातीवर मोठ्या कंपनीचं चिन्ह कशिद्यानं काढलेलं असलं तरी. भावाची खरी घासाघीस जानेवारीच्या शेवटी होते, परत न्यायचा माल विक्रेत्यालाही नको असतो. आणि एकदाच जाणार असाल तर विकत घेऊच नका. केदारकांठ्याच्या पायथ्याशी सांकरीला जाकीट भाड्यानं मिळतं. फक्त निघण्याच्या आदल्या दिवशी पोचा, नाहीतर उरतं ते चेन तुटलेलं.

राहिली चाचणी, कारण नागपूरच्या दुकानात काहीही गरमच वाटणार. कळमन्याच्या बाजूला ओळखीच्या एकाचं मिरचीचं कोल्ड स्टोरेज आहे. आत पाच-सहा अंश. गेल्या वर्षी दोन जाकिटं घेऊन गेलो, प्रत्येकात वीस मिनिटं पोत्यांमध्ये उभा राहिलो, न हलता. पहिल्यात दहाव्या मिनिटाला खांदे गार पडले. हात लावून पाहिलं तर तिथली भरण सरकून खाली गेली होती. दुसऱ्यात विसाव्या मिनिटालाही ठीक होतो, शिंका सोडून. हमाल म्हणाला, "साहेब, बाहेर बसा ना, फुकट ऊन हाय." पहिलं जाकीट टॅग न काढता परत केलं, म्हणून बिल जपून ठेवा. अशी सोय नसेल तर जानेवारीत पहाटे पाचला गच्चीवर खुर्ची टाकून बसा, फ्लीसशिवाय.

ट्रेकहून आल्यावर सौम्य लिक्विड साबणानं हातानं धुवा, पिळू नका, सॉफ्टनर घालू नका. सावलीत, पंख्याखाली पसरून वाळवा आणि मधूनमधून गुठळ्या बोटांनी फोडा. डाऊनला दोन-तीन दिवस सहज लागतात. नागपूरच्या मेच्या उन्हात टाकलंत तर नायलॉन लवकर जीर्ण होतं. बरोबर आलेल्या छोट्या पिशवीत कोंबायचं ते फक्त सॅकमध्ये नेताना. वर्षभर कपाटात हँगरवर मोकळं टांगा. माझ्या जाकिटाला अजून मिरचीचा वास येतो, पण त्याला कसर लागलेली नाही.