कोलेस्टेरॉल वाढलंय: गोळी कशी घ्यायची, स्वयंपाकात काय बदलायचं

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, कागद हातात आला की नजर आधी 'टोटल कोलेस्टेरॉल'वर जाते. उपचार मात्र ठरतात ते एलडीएलवरून, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलवरून, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचतं ते हेच. दुसरा कामाचा आकडा नॉन-एचडीएल. टोटलमधून एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, वजा केलं की तो मिळतो. मधुमेह असेल, पोट सुटलं असेल किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) वाढलेले असतील, तर हा आकडा जास्त विश्वासाचा. अनेक लॅबमध्ये एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत. टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे गणित चुकतं. तेव्हा उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यावं आणि 'डायरेक्ट एलडीएल' करून घ्यावं. तापात किंवा मोठ्या आजारपणात तपासणी नको. त्या दिवसांत एलडीएल तात्पुरतं खाली आलेलं असतं आणि उगाच समाधान वाटतं.

कागदावर छापलेली नॉर्मल रेंज सगळ्यांसाठी एकच असते, आपलं लक्ष्य मात्र आपल्या जोखमीवर ठरतं. हार्ट अटॅक किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचं एलडीएल ९५ असेल तर लॅबच्या कागदावर ते ठळक अक्षरात येत नाही, पण त्याच्यासाठी ते जास्तच आहे. अशा रुग्णांना साधारण ५५ च्या खाली आणतात. मधुमेहासोबत ब्लडप्रेशर किंवा तंबाखूसारखी आणखी कारणं असतील तर ७० च्या खाली, आणि बाकीच्यांना बहुतेक वेळा १०० च्या खाली. डॉक्टरांना सरळ विचारा, 'माझं एलडीएल किती हवं?' आणि तो आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

गोळी सुरू करण्यापूर्वी एसजीपीटी (यकृत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइड) या तपासण्या झालेल्या असाव्यात. टीएसएच विसरू नका. थायरॉइड मंदावलेलं असेल तर एलडीएल वाढतं आणि स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीने, स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. अशा वेळी आधी थायरॉइड जागेवर आणावं लागतं.

आता गोळी आणि आहार मिळून किती काम करतात ते पाहू. समजा एलडीएल १६२ आहे आणि लक्ष्य ७०. आहार नीट पाळला तर साधारण १० टक्के उतरतं, म्हणजे १४६. एटोरवास्टॅटिन २० मि.ग्रॅ. रोज घेतली तर त्यातलं ४० टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे ८५ ते ८८. इथून पुढे गोळीचा डोस दुप्पट केला तरी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास जास्तीची घट मिळते, म्हणून बरेच डॉक्टर त्याऐवजी एझेटिमाइब १० मि.ग्रॅ. जोडतात. ते आतड्यातून होणारं कोलेस्टेरॉलचं शोषण अडवतं आणि उरलेल्यातलं सुमारे २० टक्के कमी करतं. मग आकडा ७० च्या आसपास येतो. नुसत्या पथ्याने १६२ चे ७० होत नाहीत, आणि पथ्य सोडलं तर त्याच माणसाला जास्त औषध लागतं. हा हिशेब डोक्यात पक्का असला की 'गोळी की पथ्य' हा वाद घरात होत नाही.

एटोरवास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसात कधीही चालतात, जेवणाआधी किंवा नंतर. सिमवास्टॅटिन तेवढी रात्री घ्यायची. वेळ अशी निवडा की चुकणार नाही. चुकलीच तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, पण दोन एकदम घेऊ नका. चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल करायचं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या दुसऱ्या रिपोर्टनंतर. आकडे छान येतात आणि 'आता नॉर्मल आहे' म्हणून गोळी बंद होते. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करतं, मग यकृत रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. गोळी थांबली की यकृत पूर्ववत काम करू लागतं आणि काही आठवड्यांत एलडीएल होतं तिथे परत येतं. चांगला रिपोर्ट म्हणजे गोळी काम करते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

स्नायू दुखले तर काय करायचं? स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना असतं, मांड्या, पोटऱ्या, खांदे, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत येतं. एकाच गुडघ्याचं किंवा कमरेचं जुनं दुखणं बहुधा तिच्यामुळे नसतं. मोठ्या चाचण्यांत बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांनीही जवळपास तितक्याच प्रमाणात स्नायूदुखीची तक्रार केलेली आहे. म्हणून परस्पर बंद करण्याऐवजी डॉक्टरांना सांगा. ते सीपीकेची, म्हणजे स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी, तपासणी करतात, काही दिवस थांबवतात, मग कमी डोस, दुसरं स्टॅटिन किंवा एक दिवसाआड रोसुवास्टॅटिन असा मार्ग काढतात. मात्र खूप अशक्तपणा आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी दिसली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एसजीपीटी थोडं वाढलं तर घाबरू नका. मर्यादेच्या तिपटीपलीकडे गेलं तर निर्णय बदलतो. काहींची साखर किंचित वाढते, पण हृदय वाचण्याचा फायदा त्याहून बराच मोठा असतो. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला.

दुसऱ्या औषधांशी होणारी गाठ हा दुर्लक्षित भाग आहे. गजकर्ण, नायटा यासाठी त्वचेचे डॉक्टर इट्राकोनॅझोल देतात, कधी कधी कित्येक आठवडे. ते एटोरवास्टॅटिन आणि सिमवास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. छातीच्या संसर्गात मिळणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिनचंही तसंच. त्वचेच्या डॉक्टरांकडे जातानाही कोलेस्टेरॉलच्या गोळीची पट्टी सोबत न्या. रोसुवास्टॅटिन घेत असाल तर पित्ताचं पातळ औषध, म्हणजे अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं अँटासिड, तिच्यानंतर दोन तासांनी घ्या.

आपल्याकडे स्टॅटिन आणि अॅस्पिरिन एकत्र असलेल्या कॅप्सूल सर्रास लिहिल्या जातात. चिठ्ठी बदलली, नवीन कॅप्सूल आली, पण अॅस्पिरिनची जुनी पट्टी डब्यात तशीच राहिली, की अॅस्पिरिन दुप्पट पोटात जाते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुकानातून औषध आणल्यावर नुसतं नाव न पाहता त्याखाली बारीक अक्षरात छापलेले घटक आणि मि.ग्रॅ. वाचा. जनऔषधी दुकानातली जेनेरिक गोळी घेतानाही हेच पाहायचं.

आता स्वयंपाकघर. एलडीएल सर्वांत जास्त वाढवतात ते संपृक्त मेद, म्हणजे तूप, साय, लोणी, नारळ, पामतेल, मटणाची चरबी. साधारण माणसाला दिवसाला १३ ते १५ ग्रॅमची मर्यादा धरा. पाव लिटर म्हशीच्या दुधात सुमारे १० ग्रॅम असतात. दोन चमचे तुपात ६. तीन चमचे शेंगदाणा तेलात जवळपास ३. झाले १९, आणि अजून फरसाण, बिस्किटं मोजलीच नाहीत. तेच दूध डबल टोन्ड आणा, साय काढायचा प्रश्न उरत नाही, तूप एक चमचा ठेवा. बेरीज साडेआठच्या आसपास येते. पोळीवरचं तूप पूर्ण बंद करायची गरज नाही, दुधाने जास्त जागा खाल्लेली असते.

तेल मोजायची सोपी रीत: माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घरात दोन लिटर आणा आणि महिनाभर तेवढ्यातच भागवा. फोडणीला पळी वापरू नका, चहाचा चमचा वापरा. 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेलं तेल पाहून जास्त पैसे देऊ नका, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. पाहायचं ते पाकिटाच्या मागे: 'पामोलिन' लिहिलेलं असेल तर शेव, चिवडा, खारी परत ठेवा. मिसळीची तर्री वरून काढून उसळ खा. मटकी, वाल, हरभरे, मसूर यांच्यातला विरघळणारा तंतू एलडीएल खाली आणतो, तेव्हा रोज एक वाटी उसळ किंवा घट्ट वरण हवंच.

कोकणातल्या घरांत नारळाचा प्रश्न येतो. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३० ग्रॅम संपृक्त मेद असतात. तेवढं वाटण चौघांच्या आमटीत गेलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सात-साडेसात ग्रॅम. खोबरं निम्मं करा आणि भाजलेला कांदा व पंढरपुरी डाळं वाटून दाटपणा आणा. सोलकढीऐवजी नारळाविना केलेली तिवळ घ्या. बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा खा, पण रवा लावून बुडत्या तेलात तळू नका. तव्यावर चमचाभर तेलात भाजा किंवा तिखलं करा. अंड्याची भीती जास्तच पसरली आहे. बहुतेकांना दिवसाला एक चालतं. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर बलक आठवड्यात तीन-चार.

इसबगोलाचा उपयोग खरा आहे. दिवसाला १० ग्रॅमपर्यंत, दोन भागांत, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, कारण ठेवला की घट्ट होतो. सुरुवात एका चमच्याने करा, नाहीतर पोट फुगतं. गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

ट्रायग्लिसराइड वाढले असतील तर रोख वेगळा: दारू, साखर, मैदा, आणि उपवासाची साबुदाणा खिचडी. ५०० च्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तिथे दारू पूर्ण बंद आणि बहुधा फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध लागतं.

एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, टाचेच्या मागच्या जाड, दोरीसारख्या स्नायुबंधावर गाठी जाणवत असतील, घरात कुणाला तरुणपणी हार्ट अटॅक आला असेल, तर हे आनुवंशिक असू शकतं. मग सख्खी भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करायची. दोष एका पालकाकडून आला असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलांची तपासणी दहा वर्षांच्या आत झालेली बरी. त्यासाठी आपला गोळी सुरू होण्यापूर्वीचा रिपोर्ट जपून ठेवा आणि मुलाच्या डॉक्टरांना तोच दाखवा. नंतरच्या रिपोर्टमध्ये गोळीमुळे मूळ आकडा दिसत नाही.