पिल्लू घरी एकटं ठेवताना
मांजरीचं पिल्लू ४ महिन्यांपेक्षा लहान असेल तर सलग ४ तासांहून जास्त एकटं ठेवूच नका, आणि तेवढ्या वेळातही अख्खं घर मोकळं न देता एकच छोटी खोली द्या, त्यात पाणी, खाणं, झोपायला मऊ कापड आणि लिटर ट्रे (शी-शूसाठीचा वाळूचा ट्रे) खाण्यापासून जरा लांब. दोरा, लोकर, रबरबँड, रिबन सगळं उचलून ठेवा प्लीज, कारण मांजरीच्या जिभेवर आत वळलेले काटे असतात, दोरा एकदा तोंडात गेला की तिला थुंकता येत नाही, गिळतच जाते आणि आतडी कापली जाऊ शकतात. खिडकीला जाळी हवीच. निघताना वॉशिंग मशीनमध्ये पण डोकावून बघा, पिल्लं आत जाऊन झोपतात.