रीफ टँकसाठी टेस्ट किट कशी निवडावीत, आणि केएचचा आकडा चुकू नये म्हणून काय करावं

रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, पहिल्यांदा लावणाऱ्या माणसाला पाणी तपासायला दुकानदार दोनपैकी एक वस्तू विकतो. एक तर पट्ट्यांची डबी, नाही तर दहा-बारा बाटल्यांचा भलामोठा खोका. पट्ट्या घेऊच नका. केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण, डीकेएच या एककात) ७ आहे की ९ हे ज्या पट्टीच्या रंगावरून सांगता येत नाही, ती रीफसाठी निरुपयोगी. खोकाही लगेच घेऊ नका. त्यातल्या निम्म्या बाटल्या वर्षभर उघडल्या जात नाहीत आणि उघडता तेव्हा तारीख उलटलेली असते. माझ्या कपाटात अशा तीन बाटल्या अजून आहेत.

आरओ-डीआयचं पाणी (आरओनंतर डीआय रेझिनमधून गाळून उरलेले क्षारही काढलेलं) आणि टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारं) तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत आज पालिकेचं पाणी, उद्या टँकरचं, तर परवा बोअरचं मिश्रण येतं. त्यामुळे डीआयमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस शून्य आहे ना, हे दर वेळी बघा. स्वयंपाकघरातल्या आरओवर भागत नाही. आणि दर महिन्याला कोणीतरी विचारतंच म्हणून सांगतो : ठाणे खाडीचं पाणी आणून टँक भरता येत नाही. पावसाळ्यात त्याची क्षारता, म्हणजे मिठाचं प्रमाण, कोसळते, आणि बाकी त्यात काय काय असतं ते ऐरोलीच्या पुलावरून जाताना नाकाला कळतं.

पहिली खरेदी किटची नाही, रिफ्रॅक्टोमीटरची

क्षारता चुकली तर पुढचे सगळे आकडे चुकतात, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिठाबरोबरच वरखाली होतात. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबावरून क्षारता दाखवणारं उपकरण) घ्या आणि त्यासोबत ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन सोल्यूशनही घ्या. आरओच्या पाण्यावर शून्य लावून मोकळे होऊ नका. बाजारातले बरेच स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी बनवलेले असतात. ते शून्यावर बरोबर दाखवतात आणि ३५ वर चुकतात, आणि आपल्याला तर ३५ च हवं असतं. विशिष्ट घनतेच्या पट्टीवर लक्ष्य १.०२५ ते १.०२६, म्हणजे ३५ च्या आसपास.

सायकल चालू असताना

सायकल म्हणजे नव्या टँकमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जीवाणू बसेपर्यंतचा काळ. तेव्हा अमोनियाचं एक साधं किट पुरे. एपीआय कंपनीचं चालेल. एकच अडचण असते : कित्येकांना सायकल संपली तरी ०.२५ चा फिकट हिरवा रंग दिसत राहतो आणि ते आठवडाभर झोपत नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. ताज्या कालवलेल्या खाऱ्या पाण्याची दुसरी नळी शेजारी लावा. दोन्हींचा रंग सारखा असेल तर टँकमध्ये अमोनिया नाही, किटचा रंगच तसा आहे.

नायट्राइटचा बाऊ करू नका. समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे गोड्या पाण्यातल्यासारखा तो माशांना बाधत नाही. पण तो मोजायला एक स्वस्त किट असू द्या, कारण नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग रंग दाखवतं. पाण्यात आधीच नायट्राइट असलं तर नायट्रेटचा आकडा खोटा फुगतो. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेट मोजायच्या भानगडीत पडू नका.

पीएचचं किट नको. बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये पाच माणसं झोपली की पहाटे पीएच उतरतो आणि दुपारी चढतो. तो आकडा पाहून नवखा माणूस पीएच वाढवायच्या बाटल्या ओतायला लागतो.

आता केएच

आपल्याकडे दगडी प्रवाळ, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गटातले सगळे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. कोणी कितीही गोड बोलून देऊ केले तरी घेऊ नका. राहतात ते लेदर, मशरूम, झोॲन्थस, झेनिया असे मऊ प्रवाळ. ते कॅल्शियम फार खात नाहीत. म्हणून परदेशी व्हिडिओंत दिसणारी पाच-सहा किटची आरास सुरुवातीला आपल्या कामाची नाही. एक किट मात्र चांगलं घ्यायचं, ते केएचचं. सगळ्यात आधी हाच आकडा हलतो आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो.

माझा झाला तो सांगतो. दोन फुटी टँक, पाणी साधारण १०० लिटर. सॅलिफर्ट कंपनीचं किट. ४ मिली पाण्यात इंडिकेटरचे थेंब टाकायचे, मग १ मिलीच्या सिरिंजमधून दुसरं द्रावण थेंबथेंब सोडायचं. निळसर-हिरव्याचं गुलाबी-नारिंगी झालं की थांबायचं, सिरिंजवरचा आकडा वाचायचा आणि तक्त्यात बघायचं. पाचवीतल्या मुलाला जमेल असं काम. तरी माझे आकडे एका दिवशी ६.७, दुसऱ्या दिवशी ८.४, तिसऱ्या दिवशी पुन्हा सात. मला वाटलं टँक केएच पितोय. मी आईच्या डब्यातला खायचा सोडा रोज एक चमचा विरघळवून घालत गेलो. दहाव्या दिवशी लेदर मिटला तो मिटलाच, झेनिया सुतासारखी लोंबली. नेरूळच्या एका मित्राने त्याच्या किटने मोजलं तर १३ च्या वर.

किटमध्ये खोट नव्हती. सिरिंजला प्लास्टिकचं टोक लावून द्रावण ओढलं की दट्ट्याच्या खाली हवेचा छोटा थर राहतो. ती टोकातलीच हवा असते, ती राहू द्यायची. पण त्यामुळे सिरिंजवर वाचायच्या दोन रेषा तयार होतात : एक दट्ट्याच्या काळ्या रबराची, दुसरी द्रावणाच्या पातळीची. मी काही दिवस भरताना द्रावणाची पातळी १.०० वर आणायचो आणि शेवटी वाचायचो दट्ट्याची रेषा. काही दिवस बरोबर करायचो. या दोन रेषांतला फरक ०.१ मिलीचा असला तरी तो तक्त्यात साधारण दीड डीकेएच होतो. म्हणजे खरा केएच ८.३ असताना मला ६.७ दिसायचा आणि मी सोडा घालायचो.

म्हणून : भरताना आणि वाचताना, दोन्ही वेळा दट्ट्याच्या काळ्या रबराची खालची कडा. द्रावणाकडे बघायचंच नाही. सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरा.

दुसरी चूक उजेडाची. रीफ टँकच्या निळ्या एलईडीखाली गुलाबी रंग दिसत नाही, जांभळं काहीतरी दिसतं आणि तुम्ही चार थेंब जास्त घालता. दिवसा खिडकीजवळ, मागे पांढरा कागद धरून मोजा. प्रत्येक थेंबानंतर बाटली दोन-तीन सेकंद फिरवा. गुलाबी छटा येऊन परत गेली तर अजून शेवट आलेला नाही. छटा टिकली की थांबा. गडद होण्याची वाट पाहू नका. खात्री वाटत नसेल तर आधी आकडा लिहून ठेवा, मग आणखी एक थेंब टाका. रंग बदललाच नाही तर लिहिलेला आकडा खरा.

नवीन किट आणल्यावर पहिल्या दिवशी तेच पाणी लागोपाठ तीनदा मोजा. तीन आकड्यांत अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त अंतर पडलं तर दोष हाताचा, आणि हात सुधारेपर्यंत टँकमध्ये काहीही घालायचं नाही.

हात बसला तरी किट खरं बोलतंय का, हे घरीच तपासता येतं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट (बेकिंग पावडर नव्हे, त्यात इतर पदार्थ असतात). एक लिटर आरओ-डीआय पाण्यात ३० मिलिग्रॅम सोडा म्हणजे १ डीकेएच. सोनाराच्या तराजूसारखा ०.०१ ग्रॅमचा काटा असेल तर २.४ ग्रॅम सोडा एक लिटर पाण्यात विरघळवा, त्यातलं १०० मिली घेऊन पुन्हा एक लिटर करा. हे पाणी ८ डीकेएचचं. थेंबांच्या किटने त्याचा आकडा साडेसात ते साडेआठच्या बाहेर आला तर किट बदला. हे दर दोन महिन्यांनी करा. ताजा सोडा वापरा, वर्षभर उघडा पडलेला नको.

हाच हिशेब डोसलाही लागतो. १०० लिटरच्या टँकचा केएच १ ने वाढवायला ३ ग्रॅम सोडा पुरतो. माझा एक चमचा साधारण पाच ग्रॅमचा होता, आता करा हिशेब. दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका, आणि एकाच मोजणीवरून काही घालू नका. लक्ष्य ८ ते ९, पण ७.५ वर टँक स्थिर असेल तर तसाच राहू द्या.

एपीआयचं केएच किट चालेल का? ५ मिलीत एक थेंब म्हणजे एक डीकेएच, इतकं ते ढोबळ आहे. १० मिली पाणी घेतलं तर एक थेंब अर्ध्याचा होतो, मग कामापुरतं चालतं. थेंब टाकताना बाटली सरळ उभी उलटी धरा, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो.

रंग ओळखणं जमतच नसेल, किंवा घरात कोणी रंगांध असेल, तर हॅना कंपनीचा एचआय ७७२ चेकर (रंग स्वतः वाचणारं छोटं यंत्र) घ्या. आकडा थेट पडद्यावर येतो. तरी त्यालाही अधिक-उणे ०.३ आणि वर ५ टक्के एवढी चूक माफ आहे, त्यामुळे ८.१ चं ८.४ झालं म्हणून घाबरू नका. काचेवर बोटांचे ठसे आणि आत बुडबुडे नकोत. घेण्याआधी त्याच्या द्रावणाची बाटली इथे नियमित मिळते का ते विचारा. एका बाटलीत साधारण २५ मोजण्या होतात.

नायट्रेट आणि फॉस्फेट

नायट्रेटला सॅलिफर्ट. कमी आकडा असेल तर बाटली बाजूने बघून दहाने भागायचं, हे कागदात लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. एपीआय घेतलंत तर दुसरी बाटली पूर्ण ३० सेकंद आपटून हलवा, नाहीतर टँक कितीही घाण असला तरी आकडा छान येतो. फॉस्फेटच्या रंगीत कार्डावर ०.०३ आणि ०.१ यांतला फरक मला तरी दिसत नाही. इथे पैसे खर्च करायचे असतील तर हॅनाचा फॉस्फेट चेकरच घ्या.

ठेवायचं कुठे

जून ते सप्टेंबर ठाण्यात मीठही पाणी सोडतं, तर किटमधल्या पावडरी सोडतीलच. झाकण लावून झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, बंद कपाटात ठेवा. टँकखालच्या कपाटात नको, तिथे सगळ्यात जास्त दमट असतं. मे महिन्यात कुरियरने मागवू नका. दुकानात घेताना खोक्यावरची तारीख वाचा आणि उघडल्या दिवशी झाकणावर मार्करने तारीख टाका. मोजून झालं की बाटल्या नळाच्या पाण्याने नव्हे, आरओच्या पाण्याने धुवा.

कॅल्शियमचं किट, हवं तर, सहा-आठ महिन्यांनी. दगडांवर आणि काचेवर जांभळट-गुलाबी कोरलाइन शेवाळ पसरू लागलं आणि आठवड्याला १० टक्के पाणी बदलूनही केएच उतरत राहिला, तर ते आणायची वेळ झाली. तोवर ते दुकानातच असू द्या.