इंजिनिअरिंगच्या अर्जासोबत गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या विद्यापीठांत कॉम्प्युटर सायन्स किंवा बायॉलॉजीसाठी अर्ज करतानाही गाण्या-वाजवण्याचं रेकॉर्डिंग जोडता येतं. येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, एमआयटी अशा बऱ्याच ठिकाणी ही सोय आहे. फाइल बहुधा स्लाइडरूम या वेबसाइटवर चढवायची असते आणि ती सहसा संगीत विभागातली माणसं ऐकतात. म्हणूनच ‘असू दे, तेवढंच वजन पडेल’ या हिशेबाने पाठवणं ही पहिली चूक. गाणं बेताचं असेल तर छंदांच्या यादीत एक ओळ पुरे.

मुदतीकडेही नीट बघा. स्टॅनफर्डसारख्या काही ठिकाणी रेकॉर्डिंगची तारीख मुख्य अर्जाच्या आधी येते. काही ठिकाणी ते घेतच नाहीत. तिथे ईमेलने पाठवायचा आगाऊपणा नको.

खरा घोळ निवडीत होतो. आधी सावकाश आलाप, मग विलंबित म्हणजे संथ लय, ही आपल्या शास्त्रीय संगीताची शिस्त मैफलीत योग्यच. पण इथे मर्यादा बरेचदा दहाएक मिनिटांची, आणि ऐकणारा शेवटपर्यंत थांबेलच असं नाही. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तनच मिनिटभर खातं! त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा आलाप, लगेच मध्यलयीतली बंदिश, थोडी बढत आणि तुमच्या सगळ्यात स्वच्छ ताना. दुसरा तुकडा वेगळ्या प्रकृतीचा घ्या, नाट्यगीत किंवा अभंग. तबलावाल्यांनी पेशकारात, म्हणजे सुरुवातीच्या संथ वादनात, रेंगाळू नये. लेहऱ्यावर (साथीला फिरत राहणाऱ्या सुरावटीवर) एक कायदा, म्हणजे ठरावीक बोलरचना, तिच्या पलट्यांसह, मग वेगवान रेला. राग, ताल आणि मात्रा सोबत लिहा.

रेकॉर्डिंगमध्ये तानपुरा मधेच गायब होतो? फोनमधली गोंगाट कमी करणारी सोय सलग सुराला पंख्याचा आवाज समजून कापते. ती बंद करा; झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. डग्ग्याचा घुमारा फाटत असेल तर फोन दीड-दोन मीटर लांब न्या आणि रेकॉर्डिंगची पातळी उतरवा. पेटी गळ्यावर चढत असेल तर पेटीवाल्याला मागे बसवा, फोन गाणाऱ्याकडे. ऑटोट्यूनने सूर दुरुस्त करणं, तुकडे जोडणं अजिबात नको. आणि महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातला, मागे मुलं रडतायत असा व्हिडिओ आजीला पाठवा, विद्यापीठाला नको.

गुरुजींच्या शिफारसपत्रात ‘गुणी, नम्र, उज्ज्वल भविष्य’ एवढंच असेल तर त्याचा उपयोग नाही. चूक दाखवल्यावर पुढच्या तालमीला मूल काय सुधारून येतं, हे त्यांना लिहायला सांगा. ‘मध्यमा पूर्ण’ म्हणजे काय हे तिकडे कुणाला कळणार? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमधली विशारदच्या आधीची पायरी, असं एका ओळीत स्पष्ट करा.

यूट्यूबची लिंक द्यायची असेल तर व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ ठेवू नका, ‘अनलिस्टेड’ (लिंक असलेल्यालाच दिसेल असा) ठेवा, आणि ज्यावर तुमचं खातं उघडलेलं नाही अशा फोनवर लावून बघा.