अंगठा चोखणं सोडवताना

बोटाला मिरची चोपडू नका बाप्पा. तोच हात डोळ्यात गेला की पोट्टं रात्रभर रडते. बहुतेक मुलं 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान आपसूक सोडतात. पक्के दात यायच्या सुमारास, म्हणजे सहाव्या वर्षाकडेही सवय टिकली, तर पुढचे दात बाहेर येऊ शकतात. तेव्हा दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

आधी आठवडाभर नुसतं बघा, अंगठा कधी तोंडात जातो. आमच्याकडे टीव्हीसमोर जायचा. मग पुढ्यात संत्री ठेवली: साल काढ, शिरा काढ, बिया वेगळ्या कर. दोन्ही हात गुंतले. रागावायची गरजच पडली नाही.

झोपताना हाताला पातळ सुती मोजा, रंग त्यालाच निवडू द्या. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद पडला की मात्र मोजा पलंगाखाली सापडतो.