काट्यासोबत शिंप्याची टेपही हवी

वजन रोज बघायचंच असेल तर सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी बघा आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून टाका. एकेका आकड्यावर मात्र जाऊ नका. रात्री पापड-लोणचं जरा जास्त झालं की मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवतं आणि सकाळी काटा किलोभर वर दिसू शकतो. ती चरबी नव्हे. ७ दिवसांची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडून बघा.

दर १५ दिवसांनी टेप बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, पोट आत न ओढता (हेच अवघड!) लावा. व्यायाम सुरू असताना कधी कधी काटा जागचा हलत नाही, पण कंबर उतरलेली असते. माझं तर पट्ट्याचं भोक आधी बदललं, वजन नंतर.