‘स्पूकी’ वापरताना या चुका टाळा

सोलापुरात अकरावी-बारावीची पोरं इंग्रजीत कॅप्शन टाकायला लागली की ‘स्पूकी’, म्हणजे भुताटकीसारखं भीतिदायक, हा शब्द हमखास येतो. भुईकोट किल्ल्यात दिवस मावळताना काढलेला फोटो असो, नाहीतर लाइट गेल्यावर जिन्यात काढलेला व्हिडिओ. शब्द छोटा आहे, तोंडात बसतो, आणि त्याची जागा एकदा कळली की फार उपयोगी पडतो. जागा चुकली तर मात्र अर्थ फिरतो आणि कधीकधी लोकांचं मनही दुखावतं.

‘आय ॲम फीलिंग स्पूकी’

सगळ्यांत जास्त दिसते ती ही चूक. पोराला म्हणायचं असतं, ‘मला इथं भ्या वाटायलंय.’ पण वाक्याचा अर्थ होतो, ‘माझ्यातच काहीतरी भुताटकीचं आहे.’ स्पूकी ही घाबरवणारी गोष्ट असते, घाबरलेला माणूस नव्हे. जिना स्पूकी, आवाज स्पूकी, रिकामा वाडा स्पूकी. घाबरलेल्या माणसासाठी ‘स्केअर्ड’ म्हणा, नाहीतर ‘स्पूक्ड’.

‘स्पूक्ड’ कळायला आपल्या मराठीत नेमका शब्द आहे : बुजणे. रस्त्यात पिशवी उडाली आणि बैल बुजला, तर त्या बुजण्याला इंग्रजीत ‘स्पूक’ हेच क्रियापद लागतं. घोड्यांच्या बाबतीत तर ते सर्रास वापरतात. शंका आली की वाक्यात आधी मराठी शब्द घालून बघा. ‘भीतिदायक’ चपखल बसला तर स्पूकी, ‘बुजलेला’ किंवा ‘घाबरलेला’ बसला तर स्पूक्ड.

भीती किती, हेही बघा

स्पूकीतली भीती हलकी असते. अंगावर काटा येतो, पण थोडी मजाही वाटते. रात्री गच्चीवर गोल करून भुताच्या गोष्टी ऐकताना वाटते तेवढीच. म्हणून महामार्गावरचा अपघात, कुणाचं अचानक जाणं, दवाखान्यातली वाईट बातमी यांना स्पूकी म्हणू नये. असं स्टेटस मी वाचलं आहे आणि लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं हेही मला माहीत आहे. तरी त्या घरच्या माणसानं ते वाचलं तर त्याला थट्टाच वाटणार. अशा वेळी ‘टेरिबल’ किंवा ‘ट्रॅजिक’ लिहा. ‘टेरिफिक’ चुकूनही नको, त्याचा आजचा अर्थ ‘झकास’ असा आहे.

हीच काळजी श्रद्धेच्या बाबतीत घ्यावी. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम प्रदीपनानंतर भाकणूक होते, वासराच्या हालचालींवरून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधतात. बाहेरगावच्या मित्रांना ते दाखवताना ‘स्पूकी रिच्युअल’ लिहिलं, की शेकडो वर्षांच्या परंपरेचा भुताचा खेळ होतो. नुसतं ‘रिच्युअल’ लिहा, ते पुरेसं आहे.

स्पूकी आणि हाँटेड एक नव्हेत

स्पूकी म्हटलं की मला तिथं कसंतर वाटायलंय, एवढाच अर्थ. हाँटेड म्हटलं की तिथं भूत आहे, जागा झपाटलेली आहे, असा दावा झाला. हा फरक आपल्या गावात फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडं कापडाच्या बंद मिल आहेत. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. एकेका मिलच्या भोंग्यावर अख्ख्या वस्त्यांचं घड्याळ चालायचं. पडक्या भिंतीचा व्हिडिओ काढून त्यावर ‘हाँटेड मिल’ टाकलं, की तिथं पाळ्या करून घर चालवलेल्या माणसांच्या आठवणींवर भूत बसवल्यासारखं होतं. मला हे मनापासून खटकतं. तिथं ‘अबॅन्डन्ड’ म्हणजे ओसाड, सोडून दिलेली, हा खरा शब्द आहे.

‘हाँटिंग’चा अर्थ तर आणखी वेगळा. ‘हाँटिंग मेलडी’ म्हणजे मनात रेंगाळत राहणारी, हुरहूर लावणारी चाल. भुताचा तिथं काही संबंध नाही.

भुताशिवायची अस्वस्थता सांगायची असेल तर ‘ईरी’ हा शब्द घ्या. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना तो लगेच कळेल. रात्रंदिवस यंत्रमागांची खटखट कानात असते, आपण ती ऐकणंही सोडून दिलेलं असतं. मग लाइट जाते आणि सगळे माग एकदम थांबतात. त्या पहिल्या क्षणी कान दडपल्यासारखे होतात, झोपलेली लहान पोरं जागी होतात, आणि तीन गल्ल्यांपलीकडचं कुत्रं ऐकू येतं. ती शांतता ईरी. स्पूकी म्हणायला तिथं निदान कुणीतरी असल्याचा भास तरी हवा.

योगायोग आणि आइनस्टाइन

दोघांनी एकाच वेळी एकच वाक्य म्हटलं, की इंग्रजी बोलणारा म्हणतो, ‘दॅट्स स्पूकी!’ त्यावर घाबरू नका, रागावूही नका. ‘कमालच झाली, मनातलं कसं ओळखलंस?’ एवढंच त्याला म्हणायचं असतं.

विज्ञानाच्या पुस्तकात ‘स्पूकी ॲक्शन ॲट अ डिस्टन्स’ दिसलं तर तेही भुताचं नाही. आइनस्टाइननं १९४७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्नला लिहिलेल्या जर्मन पत्रातल्या शब्दांचं ते इंग्रजी रूप. एकमेकांत गुंतलेले दोन कण दूर नेले, तरी त्यांच्या मोजमापांत संबंध टिकून राहतो, हे त्याला पटत नव्हतं आणि ती नापसंती त्या शब्दांत उतरली. पुढं प्रयोगांनी तो संबंध खरा ठरवला. त्या कामासाठी ॲस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्पर्धा परीक्षेच्या उत्तरात याला ‘भुताटकीची क्रिया’ लिहून मोकळे होऊ नका, ‘क्वांटम गुंतागुंत’ लिहा.

‘स्पूक’ हे नाम जपून

मूळ डच भाषेतला हा शब्द १८०० च्या सुमारास अमेरिकन इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ साधा होता, भूत. नंतर त्याला ‘गुप्तहेर’ हा अर्थ चिकटला. आणि अमेरिकेत कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी तो शिवीसारखा वापरला गेला. पुण्या-हैदराबादेत आयटीत गेलेली आपली पोरं रोज अमेरिकेतल्या लोकांशी बोलतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. माणसाला, गमतीतसुद्धा, स्पूक म्हणू नये. भुताला ‘घोस्ट’ म्हणावं. ‘स्पूकी’ या विशेषणाला तो डाग नाही, ते बिनधास्त वापरा.